डोळा गेल्यानंतर

दिवाळी उरकली की मावळात भाताची कापणी जोर धरते. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ, कुठल्याही खोऱ्यात जा, इंद्रायणी आणि आंबेमोहोराच्या पेंढ्या खळ्यावर येऊन पडलेल्या असतात आणि बायामाणसं त्या फळीवर झोडत असतात. दाणा खाली पडतो, तूस आणि धूळ वर उडते. त्या धुळीत भाताचं कुसळ असतं, पात्याचा बारीक तुकडा असतो. डोळ्यात काही गेलं की पदराचं टोक ओलं करून काढायचं, डोळा चोळायचा आणि पुढची पेंढी उचलायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. एखाद्या वेळी मात्र कुसळ बुबुळावर ओरखडा काढून जातं आणि त्याच्याबरोबर शेतातली बुरशी आत शिरते. ही जखम सुरुवातीला संथ चालते. डोळा थोडा लाल, थोडा खुपणारा. कापणीच्या घाईत तेवढ्यासाठी दवाखान्यात कोण जाणार? त्यात कुणी मेडिकलच्या दुकानातून लाली उतरवणारे थेंब आणले आणि त्यांत स्टेरॉइड असलं, तर लाली उतरते, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

माझ्या आत्याचा डावा डोळा असाच गेला. कामशेतहून आत, नाणे मावळात तिचं सासर. बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब तासातासाला घालायचे असतात, ते तिच्या डोळ्यात पडायला लागेपर्यंत बुबुळ फुटायच्या बेताला आलं होतं. दृष्टी गेली, पण दुखणं जाईना. शेवटी डोळा काढावा लागला. रात्र रात्र कण्हणारी आत्या त्या दिवशी शांत झोपली आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं, सुटली एकदाची. हातात पट्टी, थेंबांची बाटली आणि फेरतपासणीची तारीख घेऊन आम्ही घरी आलो. ज्या जागी डोळा होता त्या जागेचं पुढे काय होतं, याविषयी तिथे कुणी चकार शब्द काढला नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आजीने दुखणं सुरू असताना कार्ल्याच्या एकवीरेला चांदीचे डोळे बोलले होते. डोळा गेला तरी ती नवस फेडायला गेली. चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे देवीला वाहिले आणि पायऱ्या उतरताना म्हणाली, "एक तरी राखला ना तिनं." त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण राखलेल्या डोळ्याइतकीच काळजी गेलेल्या डोळ्याच्या जागेचीही घ्यायला हवी होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून झालेली असते, समोर रुंद आणि मागे निमुळती. मोठ्या माणसाच्या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते. त्यातला डोळ्याचा गोळा फक्त ७ मिलिलिटरच्या आसपास, व्यास २४ मिलिमीटर. बाकीच्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या. हे सगळं त्या गोळ्याच्या आधाराने आपापल्या जागी असतं. गोळा निघाला की मागची चरबी खाली सरकते, वरची पापणी आधार तुटल्याने लोंबते, भुवईखाली खळगा पडतो, खालची पापणी सैल होते. पापण्यांच्या आतलं गुलाबी, ओलं अस्तर आक्रसू लागतं. या अस्तराचे वर एक आणि खाली एक असे दोन खिसे असतात. कृत्रिम डोळा टिकतो तो या दोन खिशांच्या जोरावर. खालचा खिसा उथळ झाला की बसवलेला डोळा पुढे कलतो, आणि पार भरून आला की तो राहतच नाही.

हे टाळायची युक्ती नवी नाही. फिलिप म्यूल्स या इंग्लंडमधल्या सर्जनने १८८५ साली डोळ्याचा आतला भाग काढून पांढऱ्या कवचात काचेचा पोकळ गोळा बसवला. आज तो गोळा अ‍ॅक्रिलिकचा, सिलिकॉनचा किंवा शरीराच्या रक्तवाहिन्या आत शिरू शकतील अशा सच्छिद्र पदार्थाचा असतो. मोठ्या माणसाला सहसा १८ ते २२ मिलिमीटर व्यासाचा घालतात. २० मिलिमीटरच्या गोळ्याने सव्वाचार मिलिलिटरच्या आसपास जागा भरते, वर बसणारा कृत्रिम डोळा दोनेक मिलिलिटरचा, म्हणजे गेलेल्या ७ मिलिलिटरचा हिशेब बराचसा जुळतो. स्नायू त्या गोळ्याभोवती असले की तो थोडा हलतो आणि त्याच्यावरचा डोळाही हलतो. शस्त्रक्रियेच्या शेवटी पापण्यांमागे एक पारदर्शक वाटोळी चकती ठेवतात, तिला कन्फॉर्मर म्हणतात. जखम भरेपर्यंत खिसे मिटू नयेत एवढंच तिचं काम. सहा ते आठ आठवड्यांनी ती काढून मापाचा डोळा बसवता येतो.

आत्याच्या खोबणीत गोळाही नव्हता आणि चकतीही नव्हती. एक सांगितलं पाहिजे: संसर्गाने सडलेल्या डोळ्याच्या जागी लगेच गोळा न बसवणं हा योग्य निर्णय असू शकतो. माझं म्हणणं त्या निर्णयाविषयी नाही. "संसर्ग निवला की परत या, अर्धं काम बाकी आहे," हे एक वाक्य तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते न सांगितल्यामुळे तिने पुढची वीसेक वर्षं पदर डाव्या गालावर ओढून काढली.

ती वर्षं मी जवळून पाहिली. आत्या मुळात बोलकी, लग्नकार्यात पुढे असणारी. कुणी तिला मागे हो म्हटलं नाही. ती स्वतःच मागे झाली. हळदीला, ओटी भरायला, बारशाला पाळण्यापाशी ती जायची नाही. फोटोत उभी राहायची ती कडेला, डावी बाजू कुणाच्या तरी खांद्याआड घालून. मधल्या काळात आतोबांनी चष्म्याच्या दुकानातून एक तयार डोळा आणला होता. एकाच मापाचा, भुरकट तपकिरी. तो आत टोचायचा, चिकट पाणी यायचं, कधी नाकाकडे वळून बसायचा. एका पावसाळ्यात आवणीला वाकलेली असताना तो चिखलात पडला. बरोबरच्या बाया शोधायला लागल्या तर तिने त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या गं," म्हणाली, आणि हातातली रोपं रोवत पुढे गेली. नंतर कळलं की तेव्हाच तिच्या खोबणीचा खालचा खिसा जवळजवळ संपला होता. पडला नसता तरी तो डोळा फार दिवस राहिला नसता.

घरात हा विषय कधी निघालाच तर एकाच वाक्यावर संपायचा: दिसायचं तर नाही, मग खर्च कशाला? हे वाक्य बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. भातशेतीवर चालणाऱ्या घरात पैसा दिसणाऱ्या उपयोगासाठीच बाहेर निघतो. पण याच घरात आतोबांचा पुढचा दात पडला तेव्हा दात बसवून आणला होता, आणि तो चावण्यासाठी होता असं कुणी म्हणालं नाही. चेहरा नीट असावा ही इच्छा पुरुषाच्या बाबतीत साधी गोष्ट ठरते आणि साठीकडे झुकलेल्या बाईच्या बाबतीत हौस ठरते, हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

गोष्ट हलली ती उजव्या डोळ्यामुळे. त्यात मोतीबिंदू दिसतोय का हे बघायला मी तिला तळेगावात नेलं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरबाईंनी उजवा डोळा पाहिला, मग हलकेच पदर बाजूला करून डावी बाजू पाहिली आणि विचारलं, "मावशी, इथे डोळा का नाही बसवला?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मोतीबिंदू अजून कच्चा होता. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली ती डाव्या खोबणीसाठी.

पुण्यात या कामाचे वेगळे तज्ज्ञ आहेत. डोळ्याभोवतीच्या प्लास्टिक सर्जरीला ऑक्युलोप्लास्टी म्हणतात, आणि ससूनसारखं सरकारी रुग्णालय किंवा महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय यांच्यामुळे ती मावळच्या माणसाला लोकलच्या अंतरावर आहे. कामशेतला गाडीत बसायचं, पुण्याला उतरायचं. हे अंतर आम्हाला वीस वर्षं दिसलं नव्हतं.

सर्जननी कागदावर खोबणीचं चित्र काढून आत्याला समजावलं, मला नव्हे. मला ते फार आवडलं. दोन गोष्टी करायच्या होत्या. आत जागा रिकामी होती ती भरायची, आणि खिसा मिटला होता तो पुन्हा घडवायचा. जागा भरण्यासाठी कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागातून त्वचेचा खालचा थर आणि त्याला चिकटलेली चरबी असा एकसंध तुकडा काढून खोबणीत बसवतात. त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा आधी खरवडून टाकतात. मग खोबणीचं स्वतःचं अस्तर कडेने वाढत येऊन त्या तुकड्याला झाकून घेतं. बायरन स्मिथ आणि पेट्रेली यांनी १९७८ साली ही पद्धत मांडली. माणसाचं स्वतःचंच मांस, त्यामुळे शरीर ते परकं मानत नाही. मात्र त्यातली काही चरबी पुढे विरते, हे धरूनच तुकडा थोडा मोठा घ्यावा लागतो. आत्याला हे ऐकून संकोच वाटला. तिने मला बाहेर जायला सांगितलं आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते विचारलं.

जागा भरण्याची ती शस्त्रक्रिया झाली आणि तिची जखम भरल्यावर काही महिन्यांनी खिशाचं काम झालं. त्यासाठी लागणारं ओलं, गुलाबी अस्तर तोंडात मिळतं. खालच्या ओठाच्या आतून किंवा गालाच्या आतून त्याचा पातळ पत्रा काढतात, खोबणीतलं आक्रसलेलं अस्तर कापून मोकळं करतात आणि मधल्या उघड्या जागेत हा पत्रा शिवतात. तोही आकसणार म्हणून गरजेपेक्षा मोठा घ्यायचा. खिशाचा तळ खालच्या हाडाच्या आवरणाला टाक्यांनी बांधून ठेवतात, नाहीतर तो पुन्हा वर येतो. वर चकती, आणि पापण्या काही आठवडे एकमेकींना शिवून बंद. ओठाची जखम न शिवताही भरते. तोपर्यंत तिखट, गरम काही चालत नाही. आत्याला तेव्हा इंद्रायणीचा मऊ भात आणि ताक चाललं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ओठ सुजून मोठा झाला होता, डोळ्यावर पट्टी होती आणि ती बोटाने ओठ दाखवून खुणेने सांगत होती की दुखतं ते इथे.

गेलेला अवयव त्याच माणसाच्या शरीरातून पुन्हा उभा करायचा, या विद्येत पुण्याचं नाव फार जुनं आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. जवळजवळ वर्षभर बिननाकाचा राहिल्यानंतर पुण्याजवळ एका मराठी माणसाने त्याचं नाक बांधलं. हा माणूस विटा भाजणाऱ्या समाजातला होता. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागेवर बसवून आकार घेतला, तो पत्रा कपाळावर पसरून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी भुवयांमधला धागा न तोडता उचलली, फिरवून खाली आणली आणि नाक उभं केलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्या गाडीवानाचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला. तो वाचून जोसेफ कार्पू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीचा तो पदर आजही सर्जन वापरतात, पापणी घडवायला आणि खोबण झाकायलाही. गाडीवानाचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं, कार्पू यांचं राहिलं. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मेण मात्र आजही आहे. आत्याचा डोळा घडवणाऱ्या तरुणाच्या टेबलावर मी ते पाहिलं. हे काम करणाऱ्याला ऑक्युलरिस्ट म्हणतात. दातांचा साचा घेतात तसलं अल्जिनेट त्याने एका छिद्रांच्या वाटीतून तिच्या खोबणीत सोडलं आणि तिला उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या खुणेकडे बघत राहायला सांगितलं. थोड्या वेळात ते घट्ट झालं. त्यावरून साचा, साच्यातून मेणाचा डोळा. तो मेणाचा डोळा त्याने कितीदा तरी आत घातला, बाहेर काढला, कडेने खरवडला, वर थोडं मेण चढवलं, पुन्हा घातला, आणि दर वेळी तिच्या समोर बसून पापणीची उंची पाहिली. आत्या कंटाळली नाही. तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिल्याला वर्षं झाली होती.

मग बुबुळ. ते एका छोट्या चकतीवर रंगवतात. मला वाटायचं आपले डोळे तपकिरी किंवा काळे. त्याच्या ब्रशाखाली त्या तपकिरीत पिवळा निघाला, हिरवट छटा निघाली, बाहुलीभोवती गडद वलय निघालं. तो उजव्या डोळ्याकडे बघायचा, एक रेघ काढायचा, पुन्हा बघायचा. आत्याच्या उजव्या बुबुळाच्या कडेला वयाने येतं तसं करडं कडं आलं आहे. त्याने ब्रश थांबवून विचारलं, "मावशी, हे कडं यात घालू का नको? नाही घातलं तर डोळा तरुण दिसेल." आत्या म्हणाली, "घाल की बाबा. जोडीला शोभलं पायजे." पांढऱ्या भागावर त्याने लाल रेशमाचे अगदी बारीक तंतू चिमट्याने मांडले, त्या शिरा झाल्या. थोडा पिवळा हात फिरवला, कारण शेतात जन्म काढलेल्या माणसाचा डोळा दुधासारखा पांढरा नसतो. वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा थर, मग गरम पाण्यात पक्का करणं आणि शेवटी पॉलिश.

लोक याला अजून काचेचा डोळा म्हणतात, आणि एके काळी तो काचेचाच असे. जर्मनीतल्या लाउशा गावच्या काचकारांचा या धंद्यात दबदबा होता. दुसऱ्या महायुद्धात तो माल मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे बनवायला घेतले, आणि तीच पद्धत जगभर गेली. मावळात राहणाऱ्याला काच म्हटलं की तळेगावचा पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत निधी उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८मध्ये तळेगावात काच कारखाना निघाला. परदेशी काचेवाचून आपलं अडू नये म्हणून. पैशापैशाने कारखाना उभारणाऱ्या या तालुक्यात गेलेल्या डोळ्याच्या जागी चांगला डोळा बसवण्यासाठी एखादा कायमचा निधी सहज उभा राहू शकेल, असं मला नेहमी वाटतं. मोतीबिंदूच्या शिबिरांना इथे देणगीदारांची वाण नाही. त्याच शिबिरांत रिकाम्या खोबणी घेऊन आलेली माणसं रांगेत असतात आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्याला चष्मा देऊन त्यांना परत पाठवलं जातं.

सरकारी मोजमापातही ही माणसं निसटतात. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणून कागदावर आत्या अपंग असूनही त्या सवलतींपुरती धडधाकट आहे. चहा ओतताना किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय तिला अंदाज येत नाही, कारण अंतराचा अंदाज दोन डोळे मिळून देतात. डाव्या बाजूने येणारी मोटारसायकल तिला शेवटच्या क्षणी कळते. नवा डोळा यातलं काही बदलत नाही, आणि तो बदलेल असं तिला कुणी खोटं सांगितलं नाही.

बदललं ते वेगळं. समोरचा माणूस तिच्याशी बोलताना आधी कुठे बघावं या पेचात पडायचा. जमिनीकडे, खांद्याकडे, उजव्या गालाकडे. आता तो तिच्याकडे बघतो. कामशेतच्या बाजारात तांदळाचा भाव ठरवताना व्यापारी तिच्या तोंडाकडे बघून बोलतो आणि ती त्याला त्याच्याच भाषेत खाली आणते. डोळ्याला दिसत नसलं तरी तो डोळ्याचं अर्धं काम करतो, कारण आपण डोळ्यांनी जसे बघतो तसेच दुसऱ्याला भेटतोही. ही सुधारणा वरवरची आहे असं म्हणणाऱ्याने एकदा चार लोकांत पदर धरून बसून पाहावं. अर्थात ज्याला काळा चष्मा किंवा पट्टी पुरते, त्याने डोळा बसवायलाच हवा असं मुळीच नाही. माझा आग्रह एवढाच की निवड त्याची असावी, आणि ती करायला त्याची खोबण शाबूत असावी.

पुण्यात आत्याची शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाच्या बाकावर आमच्याआधी बसलेली काही माणसं २०२१च्या दुसऱ्या लाटेतली होती. करोनातून उठले आणि म्युकरमायकोसिसने गाठले. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीवर वाढणारी ही बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून खोबणीत उतरते आणि तिथून मेंदूकडे जाते. महाराष्ट्रात तिचे हजारो रुग्ण झाले, अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर फिरले, राज्य सरकारला हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घ्यावा लागला. जीव वाचवायला अनेकांच्या खोबणीतलं सगळंच काढावं लागलं, स्नायू, चरबी, कधी पापण्यासुद्धा. अशा खोबणीत आत्यासारखा डोळा बसत नाही. तिथे डोळा, पापण्या, भुवई असा सिलिकॉनचा एक अख्खा तुकडा बनवतात आणि तो चष्म्याला जोडून, गोंदाने चिकटवून किंवा हाडात बसवलेल्या स्क्रूंवर चुंबकाने धरून ठेवतात. वाचलेल्यांचे आकडे तेव्हा रोज छापून येत होते. वाचल्यावर त्यांनी आरशात काय पाहिलं, याकडे बातम्यांचं लक्ष गेलं नाही.

लहान मुलांचा प्रश्न आणखी नाजूक. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, हे त्याचं घरच्यांना दिसणारं पहिलं लक्षण. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्यभरातून अशी मुलं येतात. जीव वाचवायला डोळा काढावा लागला तर खोबणीत लगेच काहीतरी भरावं लागतं, कारण मुलाच्या खोबणीची हाडं आतल्या गोळ्याच्या रेट्याने वाढतात. जागा रिकामी ठेवली तर चेहऱ्याची ती बाजू लहान राहते. मूल वाढेल तसा कृत्रिम डोळाही बदलत न्यावा लागतो. मोठ्यांनाही तो वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावा लागतो, पाचेक वर्षांनी नवा करावा लागतो. आत्याची पॉलिशची तारीख आता घरातल्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेली असते, गॅसच्या नंबराशेजारी.

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका मुलाच्या डोळ्यात कारखान्यात ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण घुसला. चष्मा घातलेला नव्हता. डोळा फुटला, दृष्टी गेली, आणि डॉक्टरांनी तो काढायला सांगितला, कारण असा फुटलेला डोळा तसाच ठेवला तर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते. मुलगा तयार होईना. त्याच्या आईने आत्याला बोलावलं. आत्या त्याच्या समोर खाटेवर बसली, हात धुतले, रबराच्या छोट्या शोषकाने डावा डोळा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो बराच वेळ बोटाने फिरवून बघत होता. ती त्याला सांगत होती, "दाक्तरला इचार, आत गोळा घालनार का. घालनार तर केवढा. न्हाई घालनार तर का न्हाई, आन् कधी घालनार. वर चकती ठिवनार का. आन् डोळा मापाचाच कर, दुकानातला घिऊ नको." त्याच्या आईने ते सगळं वहीवर लिहून घेतलं.

मुलाने विचारलं, "आजी, लई दुखतं का?"

"तुला न्हाई दुखायचं एवढं," ती म्हणाली. "तू येळेवर चाललास. माझा ओठ कापावा लागला, ते दुखलं."